संगणकाची राखण (भाग ७) : पेनड्राइव्हमधला पेनड्राइव्ह

अमरावतीचा राजकमल चौक असो की अकोल्याचा टॉवर चौक, झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानातल्या संगणकाला दिवसभरात किती पेनड्राइव्ह लागतात, याचा हिशेब दुकानदारही ठेवत नाही. कुणाचा प्रोजेक्ट, कुणाचा बायोडाटा, कुणाच्या सातबाऱ्याची पीडीएफ. त्याच संगणकावर शिष्यवृत्तीचा अर्ज आणि विजेचं बिलही भरलं जातं. म्हणजे पासवर्डही त्याच कीबोर्डवर टाइप होतो.

"मायी फाइल कुठी गेली बा?" हा प्रश्न अशा दुकानांना नवा नाही. पेनड्राइव्ह उघडावा तर आत पेनड्राइव्हच्याच नावाचा एक शॉर्टकट! त्यावर डबल क्लिक केलं की सगळ्या फायली जागच्या जागी. गिऱ्हाईक खूश, आणि खरी गोम तिथेच.

'गामारू' ऊर्फ 'अँड्रोमेडा' या २०११पासून पसरलेल्या मालवेअरची ही पद्धत. तो मूळ फायली एका बिननावाच्या, लपवलेल्या फोल्डरात हलवायचा. शॉर्टकट दाबला की फायली दिसायच्या आणि त्याच क्लिकने मालवेअरही सुरू व्हायचा. पेनड्राइव्ह लावताच प्रोग्राम आपोआप चालण्याची सोय मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११मध्ये विंडोज एक्सपी आणि व्हिस्टातही अपडेट देऊन बंद केली होती. पण माणसाने स्वतःच्या हाताने क्लिक केल्यावर ती बंदी काय कामाची?

गामारू चोरबाजारात चक्क विकत मिळे. टाइप केलेली प्रत्येक कळ टिपणारा कीलॉगर त्यात हवा असेल तर १५० डॉलर वेगळे. महिन्याला सरासरी सुमारे ११ लाख संगणकांवर तो सापडत किंवा अडवला जात होता आणि सर्वाधिक झळ बसलेल्या देशांत भारतही होता. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी एफबीआय, युरोपोल आणि मायक्रोसॉफ्टने मिळून त्याचं जाळं तोडलं. तरी जुन्या पेनड्राइव्हांतल्या त्याच्या प्रती काही संपल्या नाहीत. त्याचे मुदत संपलेले डोमेन बहुधा रशियाच्या 'टुर्ला' या हेरगटाने नव्याने नोंदवले आणि युक्रेनमध्ये वापरले, हे मँडियंट कंपनीने २०२३मध्ये उघड केलं.

कीलॉगरला चकवायला बँकेचा पडद्यावरचा कीबोर्ड वापरा, असं अनेक जण सांगतात. हा उपाय अर्धाच. गामारूसोबत ब्राउझरमध्ये भरलेला फॉर्मच उचलणारा जोडभागही विकला जाई. तिथे माऊसने टिपलेली अक्षरंही सुटत नाहीत. तेव्हा अनोळखी संगणकावर बँकेचं खातं उघडूच नये.

दुकानदाराने छपाईचा आणि ऑनलाइन अर्जांचा संगणक वेगळा ठेवावा. दुसऱ्याला पेनड्राइव्ह लावूच नये. पेनड्राइव्हमध्ये कोपऱ्यात बाण असलेलं चिन्ह दिसलं, तर ते न दाबता आधी स्कॅन करावं. कोणता पेनड्राइव्ह चालू द्यायचा हे ठरवणारं सी-डॅकचं 'यूएसबी प्रतिरोध' सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७मध्ये मोफत उपलब्ध करून दिलं. एवढं करूनही खात्यातून पैसे गेलेच, तर बँकेला कळवा आणि लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा १९३० हा क्रमांक फिरवा.