ट्रफल तेल : खरें व नकली

वाशीच्या मसाला बाजारांत हिंग घेणारास एक गोष्ट चांगली ठाऊक असते. घरोघरीं येणारा हिंग बहुधा निव्वळ नसून डिंक व पीठ घालून बांधलेला, म्हणजे बांधानी हिंग असतो. वेष्टणावर तसें लिहिलेलें असलें म्हणजे त्यांत फसवणूक नाहीं. परंतु अलीकडे नवी मुंबईसारख्या शहरांतील बड्या दुकानांत व उपाहारगृहांत ‘ट्रफल तेल’ नांवाचा एक महाग जिन्नस मिळूं लागला आहे. त्याची गोष्ट निराळी आहे. शहरांत नोकरीस असलेल्या मुलांबरोबर ही बाटली आपल्या घरींही येणारच. म्हणून तिच्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

ट्रफल ही जमिनीच्या पोटांत वाढणारी एक प्रकारची अळंबीच होय. पावसाळ्यांत वारुळाच्या जागीं उगवणारी आपल्याकडील अळंबी वाळवीच्या सोबतीवांचून होत नाहीं. तसेंच ट्रफल ओक, हेझल इत्यादि झाडांच्या मुळांशीं सहवास करूनच वाढतें. तें वरून दिसत नाहीं. शिकवलेले कुत्रे वासावरून हुडकून काढतात. इटलींतील पांढरें व फ्रान्सांतील काळें या दोन जातींस फार मोल येतें. काळ्याची लागवड १९ व्या शतकाच्या आरंभीं जोसेफ तालों या फ्रेंच शेतकऱ्यानें ओकचीं फळें पेरून सुरू केली, असें मानतात. त्यास चुनखडीची जमीन व थंड हिवाळा लागतो. कोंकणची जांभी जमीन आम्लधर्मी व हवा उष्ण. तेव्हां येथें ट्रफल पिकवून देण्याचा वायदा कोणी केल्यास, रोपांचे पैसे मोजण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा.

आतां तेलाकडे वळूं. ताज्या ट्रफलाचा वास थोड्याच दिवसांत उतरतो. तेलांत उतरविला तरी तो फार काळ टिकत नाहीं. मग महिनोन्महिने फळीवर राहिलेल्या बाटलींतून तोच उग्र दर्प कसा येतो? याचें उत्तर रसायनशाळेंत आहे. पांढऱ्या ट्रफलाच्या वासांतील एक मुख्य गंधकयुक्त द्रव्य १९६७ सालीं शास्त्रज्ञांनीं ओळखून प्रसिद्ध केलें. २,४-डायथायापेंटेन हें त्याचें नांव. तें कारखान्यांत स्वस्तांत बनतें. ऑलिव्हच्या वा सूर्यफुलाच्या तेलांत त्याचा अंश पडला कीं ट्रफल तेल तयार! बाजारांतील बहुतेक माल याच जातीचा असतो.

पारख पुढील तीन खुणांवरून करावी.

पहिली खूण घटकांची यादी. आमची हयात महसुली दफ्तरांत गेली. जमीन आपली म्हणून कोणी कितीही शपथा घेतल्या तरी आम्ही आधीं सातबारा पाहत असूं. बाटलीवरील चित्र हा तोंडी दावा, आणि घटकांची यादी हा तिचा सातबारा. तेथें नुसतें ‘ट्रफल अरोमा’ किंवा ‘फ्लेवर’ असें असल्यास वास वरून घातला आहे, असें समजावें. ‘नैसर्गिक’ या शब्दावरही विसंबूं नये. तसा वास दुसऱ्या पदार्थांतूनही काढतां येतो. प्रामाणिक मालावर ट्यूबर मेलानोस्पोरम (काळें) अथवा ट्यूबर मॅग्नाटम (पांढरें) असें जातीचें नांव व त्याचें प्रमाण पाहावें, आणि यादी शेवटपर्यंत वाचावी.

दुसरी खूण तळाचे तुकडे. ते असले म्हणून भुलूं नये. ते बहुधा हलक्या जातीचे असतात. १८९२ सालीं हिमालयांतील नमुन्यांवरून वर्णिलेली ट्यूबर इंडिकम ही जात दिसण्यांत फ्रेंच काळ्या ट्रफलासारखीच, पण वासास बेताची; चीनमधून येणारा असला माल युरोपांत अस्सल म्हणून खपविल्याचे प्रकार घडले आहेत. इतकेंच नव्हे, तर इटलींतील एका लागवडींत अस्सल म्हणून लावलेल्या झाडांच्या मुळांवरच ही जात आढळल्याचें २००८ सालीं प्रसिद्ध झालें. बाजारांतील फसवणूक एका दिवसाची, रोपांतील चूक मात्र वर्षानुवर्षें भोगावी लागते.

तिसरी खूण वास. खऱ्या ट्रफलांत अनेक द्रव्यें मिसळलेलीं असल्यानें त्याचा वास मातकट, सौम्य व बदलता असतो. नकलीचा एकसुरी, गॅससारखा व जिभेवर रेंगाळणारा असतो. तथापि नाकावर सर्वस्वीं भिस्त ठेवूं नये. कारण ज्यानें आजवर नक्कलच खाल्ली, त्यास अस्सल फिकें वाटतें.

खरा धोका येथेंच आहे. गिऱ्हाइकाची जीभ नकलीस सरावली म्हणजे खरा पिकविणारा आपल्याच बाजारांत उपरा ठरतो. वाशीच्या फळबाजारांत दुसरीकडचा आंबा देवगडच्या नांवानें विकला जातो, तेव्हां आपल्या बागायतदारांस हाच अनुभव येतो. कोंकणांतील हापूसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें खरें. परंतु कागदावरील हक्क वहिवाटीनें राखावा लागतो. म्हणून आपल्या बंधूंनीं घेतांना यादी वाचावी, आणि विकतांना आपल्या पेटीवर जें लिहूं तेंच पेटींत भरावें, एवढीच आमची विनंती आहे.