ढील देण्याचं कसब

साखर कारखाने चालू असले की बारामती-इंदापूरकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टरपासून जो तो लांब राहतो. त्यामुळे माघातल्या एका सकाळी अशा ट्रॅक्टरच्या मागोमाग मुद्दाम चालत जाणारा माणूस दिसला, तेव्हा मी गाडी थांबवली. पुढे दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारं पाचट रस्ता झाडत चाललेलं, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या कर्ण्यातून गाणी. मागे तीस-चाळीस पावलांवर सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ एका कोवळ्या कुमेत वछेरीला घेऊन निघालेले. ट्रॅक्टरचा वेग कमी झाला की तेही थांबायचे, तो पुढे निघाला की हेही निघायचे. वछेरीचं अंग ताठ होतं, पण कान पुढे टवकारलेले होते आणि पाय स्वतःहून उचलत होते.

हे काय चाललंय, असं विचारलं. ते म्हणाले, "भ्या वाटतंय तिला ह्याचं. म्हणून म्हणलं, चल, हाकलून लावू त्येला."

ती नुसती गंमत नव्हती. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. कपाळाच्या अगदी पुढचा आणि शेपटीच्या मागचा थोडा भाग तेवढा आंधळा. अंगावर येणारी कुठलीही मोठी वस्तू त्याच्या लेखी संकट असते. तीच वस्तू त्याला पाठ दाखवून पळू लागली आणि हा तिच्या मागे चालू लागला, की भीती हळूहळू कुतूहलात उतरते. ट्रॅक्टर समोर आणून घोड्याला जागेवर दाबून धरणं हा दुसरा रस्ता आहे आणि तो जास्त वापरला जातो. त्या गृहस्थांना सगळे मामा म्हणतात. मामांनी आयुष्यभर पहिला रस्ता धरला. तो कसा चालतो ते बघायला मी त्यांच्या पागेवर जाऊ लागले आणि जातच राहिले.

पागा म्हणजे कारखान्याच्या रस्त्याला लागून पत्र्याची शेड, दोन कडुनिंब आणि नांगरून भुसभुशीत केलेलं गोल मैदान. या हिवाळ्यात दावणीला चार जनावरं होती. कुमेत वछेरी, धनगरवाड्यावरून आलेली दोन भीमथडी तट्टं, आणि सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेला तीन वर्षांचा पांढरा नुकरा. हाताखाली एक पोरगा.

ही मोसमाची गणितं ठरलेली आहेत. दिवाळीच्या सुमाराला अकलूजचा घोडेबाजार भरतो. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा सुरू होते आणि देशभरातून घोडे तिथे उतरतात. घेतलेली शिंगरं पौषात ठिकाणावर पोचतात, रुळतात आणि माघ-फाल्गुनात शिकायला लागतात. हवा गार, माश्या नाहीत, घाम लवकर येत नाही. पण पुढे वैशाखाच्या लग्नतिथी उभ्या असतात, माथेरानचा मे महिना उभा असतो. मालकाला जनावर तोवर तयार हवं असतं. दोन महिन्यांत.

मामा मात्र मिनिटांत बोलतात. "वीस मिन्टं," त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. "एका शिंगराला दिसाला वीस मिन्टं. त्याच्या पुढं ते शिकत न्हाई, निसतं सोसतं."

वीस मिनिटांच्या त्या शिकवणीची उतरंड साधी आहे. आधी मोहरकीची सवय. मग माणूस चारही खूर उचलतो तेव्हा उभं राहणं. मग लांब दोरीवर गोल मैदानात चाल आणि दुडकी, दोन्ही हातांना. मग लगामाची कडी, मग खोगीर, आणि सगळ्यात शेवटी पाठीवर माणूस.

दिवसाची सुरुवात खराऱ्याने होते. थंडी ओसरताना, दिवस मोठा होऊ लागला की घोड्याच्या अंगावरचे हिवाळी केस गळायला लागतात. हे उन्हापेक्षा उजेडाच्या लांबीवर चालतं. पोरगा वछेरीच्या पाठीवरून खरारा ओढायचा तेव्हा तांबूस केसांचे झुबकेच्या झुबके खाली पडायचे, आणि केस उडून गेल्यावर आतली तुकतुकीत कातडी दिसायची. तिथला वास माझ्या डोक्यातून अजून जात नाही. घोड्याचा उबदार घाम, भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी, लसूणघास, आणि वारा फिरला की कारखान्याकडून येणारी मळीची आंबूस झुळूक. खराऱ्याला लागणारा वेळ मामा वीस मिनिटांत धरत नाहीत. तेवढ्यात ते नुसते कडेला उभे राहून जनावर वाचतात: कुठे हात लागला की कातडी थरथरते, कुठे शेपूट आपटते, कधी डोळे जड होतात.

ह्या कामाचा गाभा मला मोठ्या तट्टापाशी कळला. तट्टू दोरी ओढल्यावर पुढे येत नव्हतं. मान वर, पाय रोवलेले. मामांनी दोरी ताणली, पण ओढली नाही. तेवढाच ताण धरून ते उभे राहिले. तट्टानं डावीकडे ओढ घेतली, ताण तसाच. मग मागे रेटलं, ताण तसाच. शेवटी त्यानं पुढच्या डाव्या खुराचं वजन जरासं काढलं. पाऊल अजून उचललंही नव्हतं. त्याच क्षणी मामांनी हात पुढे केला आणि दोरी सैल पडली. तट्टानं कान हलवले, जबडा सैल सोडला, मोठा फुरका टाकला. दुसऱ्या वेळी पाऊल पडलं. चौथ्या-पाचव्या वेळी दोरी ताणण्याआधीच ते चालू लागलं.

घोड्याला शिकवतो तो दाब नव्हे, दाब संपण्याचा क्षण. दाब थांबण्याच्या नेमकं आधी आपण काय केलं, तेवढं तो मनात धरतो. माणसानं ढील उशिरा दिली तर घोडा चुकीची गोष्ट शिकतो, आणि दिलीच नाही तर एकच शिकतो, की आपण काहीही केलं तरी सुटका नाही. मामांच्या हाताचं सगळं कसब त्या अर्ध्या क्षणात आहे. पोरगा ताकदीनं त्यांच्या दुप्पट असेल, पण त्याची ढील थोडी उशिरा पडायची आणि तट्टू लगेच हट्टाला यायचं. मामा त्याला रागवायचे नाहीत. "दोरीकडं बघू नको, पायाकडं बघ," एवढंच.

ही दोन्ही तट्टं धनगरांच्या वाड्यावर परत जाणार होती. मेंढरांमागे फिरणाऱ्या कुटुंबाचं बिऱ्हाड त्यांच्या पाठीवर असतं: वाघर, भांडी, अंथरूण, चालू न शकणारी कोकरं, कधी कोंबड्याही. मराठ्यांच्या घोडदळानं ज्या भीमथडीच्या तट्टांवर मुलूख पालथा घातला, ती हीच भीमा-नीरेच्या खोऱ्यातली काटक जात. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. ती टिकली ती धनगरांमुळे, हे या भागात फिरताना पावलोपावली दिसतं. ओझ्याला मात्र हद्द आहे. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्र सरकारनं केलेल्या नियमांत तट्टाच्या पाठीवर जास्तीत जास्त ७० किलो लादता येतात. मामांनी या वर्षी दोन्ही तट्टांच्या पाठीवर रिकाम्या गोणत्यांशिवाय काही टाकलं नाही. कारण हाडं. घोड्याच्या पुढच्या गुडघ्यावरची वाढ अडीच वर्षांच्या आसपास पुरी होते, पाठीच्या मणक्यांची सगळ्यात शेवटी, पाच वर्षं उलटून गेल्यावर. जनावर बाहेरून मोठं दिसतं तेव्हा आतला कणा अजून कोवळा असतो.

आणि मग नुकरा. मी पुन्हापुन्हा गेले ती खरं तर त्याच्यासाठी.

तो सगळ्यात शांत होता. ट्रॅक्टर गेला तरी हलायचा नाही. पोटाखाली हात घाला, खूर उचला, झूल टाका, काही नाही. मला वाटलं, याचं शिक्षण झालेलंच आहे. मामांनी मान हलवली. "शांत न्हाई हा, ताई. ह्यानं सोडून दिलंय."

त्याला आधी नाचाला घातलं होतं. वरातीत हलगीवर पाय टाकणारा घोडा दोन प्रकारे तयार होतो. धीरानं शिकवलं तर वर्ष-दोन वर्षं लागतात. घाईत असेल तर दोन खांबांमध्ये तोंड आवळून बांधतात, पायांवर काठी चालते, तोंडात काटेरी लगाम असतो. १९६५ च्या त्याच नियमांत काटेरी लगामाला मनाई आहे. तरी तो वापरला जातो, आणि वरातीत नाचणाऱ्या घोड्याच्या तोंडाला आलेला फेस पाहून लोक म्हणतात, काय जोशात आहे. मामांनी नुकऱ्याचा ओठ हलकेच वर केला. पुढच्या दातांच्या मागे, जिथे हिरडी मोकळी असते आणि लगामाची कडी बसते, तिथे दोन्ही बाजूंना गाठाळ पांढरट वण होते. जिभेच्या कडेला खाच होती.

त्याच वयात घोड्याचे दुधाचे दातही पडत असतात. मधले दोन अडीच वर्षांच्या सुमाराला, शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. म्हणजे तोंड आधीच हुळहुळलेलं, आणि त्यात हे.

"आधी ह्याला न्हाई म्हणायला शिकवायचंय," मामा म्हणाले. त्याची वीस मिनिटं बाकीच्यांपेक्षा वेगळी होती. मामा मऊ चामड्याचा लगाम हातात घेऊन त्याच्या खांद्याशी उभे राहायचे आणि हात तोंडाकडे न्यायचे. नुकरा पुतळ्यासारखा उभा, नजर कुठेच नाही. हात तिथेच थांबायचा, मग मागे यायचा. पुन्हा तेच. दिवसामागून दिवस पाहणाऱ्याला कंटाळा यावा असं हे काम होतं.

फाल्गुन लागल्यावर एका सकाळी हात वर गेला आणि नुकऱ्यानं मान बाजूला वळवली. इंचभर. पोरगा त्याला सरळ करायला पुढे झाला, तर मामांनी त्याला हातानंच थांबवलं, लगाम खाली जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागे गेले. त्या दिवसाची शिकवणी तिथेच संपली. वीस मिनिटांतली जेमतेम तीन झाली असतील. नुकरा बराच वेळ जमिनीवरच्या लगामाकडे बघत राहिला. मग त्यानं मान खाली घालून तो हुंगला. कान, जे इतके दिवस बाजूला लोंबलेले असायचे, ते पुढे आले. मामांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आजही लख्ख आठवतो. घोड्यानं नकार दिला म्हणून खूश झालेला चाबूकस्वार मी दुसरा पाहिलेला नाही. नकार ऐकला जातो हे एकदा घोड्याला पटलं, की त्याच्या होकारावर माणसाला विसंबता येतं. नाहीतर असा गप्प घोडा कुठल्या तरी वरातीत, फटाक्यांच्या माळेत, एकदम उधळतो. मग पाठीवरचं पोर पडतं आणि घोडा 'ऐबी' ठरतो.

नुकऱ्याच्या मालकाला वैशाखात तो हवा होता. सुपारी घेऊन ठेवलेली. फोन यायचे. मामांचं उत्तर ठरलेलं होतं: यंदा नाही. मालकाची अडचणही खरी आहे. चंदी महाग, बँडवाल्यांशी बोलणं झालेलं, आणि बसून खाणारं जनावर परवडत नाही. तो वाईट माणूस नाही. त्यानं यात्रेत शांत घोडा मागितला आणि त्याला शांत घोडा मिळाला. कसा शांत केला, हे विचारायची आपल्या बाजारात रीत नाही. मी परतले तोवर त्याचा निर्णय झालेला नव्हता. कुमेत वछेरी मात्र खोगीर घालून, पाठ मोकळी, उसाच्या गाडीशेजारून चालू लागली होती. तिच्यावर स्वार पुढच्या हिवाळ्यात.

पंढरीच्या वाटेवर बेलवाडीला तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण होतं. हजारोंच्या गजरात, टाळ-मृदंगाच्या कल्लोळात घोडा मोकळा धावतो आणि लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. घोड्याला एवढा मान देणाऱ्या या मुलखात, त्याला घडवणाऱ्या माणसाला घाई करायला लावणं थांबलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. अकलूजला असो वा सारंगखेड्याला, घोडा घेणारा प्रत्येकजण वय बघायला त्याचं तोंड उघडतोच. दात मोजून झाले की त्यानं बोट दोन इंच मागे न्यावं, मोकळ्या हिरडीवरून फिरवावं, जिभेची कड बघावी. वण लागले तर तिथेच भाव पाडावा आणि का पाडला ते चारचौघांत मोठ्यानं सांगावं. घाईनं शिकवलेल्या घोड्याला कमी पैसे मिळतात हे एका यात्रेत जरी पसरलं, तरी पुढच्या माघात अनेक शिंगरांच्या वाट्याला त्यांची वीस मिनिटं येतील.