ताफ्यांचे रक्षक : ब्रिटिश युद्धनौकांविषयीचे काही गैरसमज

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश आरमाराचा विषय निघाला की ‘हूड’, ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ अशा अवाढव्य नौकांची नावे प्रथम घेतली जातात आणि ब्रिटनचे सागरी युद्ध याच नौकांनी तोलून धरले, असा समज त्यातून रूढ झाला आहे. वस्तुस्थिती अशी, की ब्रिटन तगून राहिले ते अन्नधान्य, खनिज तेल आणि युद्धसामग्री घेऊन अटलांटिक ओलांडणाऱ्या व्यापारी जहाजांच्या बळावर, आणि या जहाजांचे ताफे जर्मन पाणबुड्यांपासून राखण्याचा मोठा भार लहान नौकांनी उचलला.

त्यांतील ‘फ्लॉवर’ वर्गाच्या कॉर्व्हेट विशेष लक्ष देण्याजोग्या आहेत. देवमासे पकडणाऱ्या जहाजाच्या आराखड्यावरून त्या बेतलेल्या असल्याने युद्धनौका बांधण्याचा अनुभव नसलेल्या गोद्यांनाही त्या बांधता येत, आणि ‘ग्लॅडिओलस’, ‘ब्लूबेल’ अशी फुलांची नावे धारण करणाऱ्या या नौका अल्पावधीत मोठ्या संख्येने समुद्रात उतरल्या. त्यांचा वेग जेमतेम 16 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 30 किलोमीटर होता. पृष्ठभागावरून धावणारी जर्मन पाणबुडी त्यांना मागे टाकू शके, आणि खवळलेल्या समुद्रात त्या इतक्या हेलकावत की खलाशांचे अतोनात हाल होत.

अशा मंद नौकांचा उपयोग तो काय, ही शंका रक्षक नौकेचे यश बुडवलेल्या पाणबुड्यांच्या संख्येवर मोजण्यातून येते, आणि हा गैरसमज अधिक खोल रुजलेला आहे. ताफा सुखरूप पोहोचवणे हे रक्षकांचे पहिले कर्तव्य होते. ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी हुडकणारे ‘ॲसडिक’ यंत्र आणि ठरावीक खोलीवर फुटणारे ‘डेप्थ चार्ज’ हे स्फोटक यांच्या धाकाने पाणबुडीला पाण्याखाली जावे लागे, तेथे बॅटरीवर चालताना तिचा वेग मंदावे आणि ताफा पुढे निघून जाई. एकही पाणबुडी बुडाली नाही तरी कामगिरी फत्ते झालेली असे.

विनाशिका, म्हणजे वेगवान आणि टॉर्पेडोसज्ज नौका, केवळ चढाईसाठीच असत, हेही खरे नाही. मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी ‘मराठा’ नावाची ब्रिटिश विनाशिका सोव्हिएत रशियाकडे निघालेल्या ताफ्याचे रक्षण करीत असताना 25 फेब्रुवारी 1944 रोजी आर्क्टिक समुद्रात जर्मन पाणबुडीने बुडवली आणि तिच्यावरील बहुसंख्य खलाशी प्राणास मुकले.

जपानी विमानांनी 10 डिसेंबर 1941 रोजी मलायाजवळ ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ बुडवल्यानंतर मोठ्या तोफांच्या नौका निरुपयोगी ठरल्या, असे मानणे मात्र दुसऱ्या टोकाला जाणे होय. पहिल्या महायुद्धातील जटलंडच्या लढाईत लढलेली ‘वॉरस्पाइट’ ही बॅटलशिप, म्हणजे जाड चिलखताची अवजड तोफनौका, 6 जून 1944 रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील जर्मन तोफखान्यांवर आपल्या 15 इंची तोफांनी मारा करीत होती.