टॅपेट कव्हरचा लाल रंग

बॉनेट उघडलं की इंजिनाच्या डोक्यावर जो लांबट डबा दिसतो, त्याला पुस्तकात व्हॉल्व्ह कव्हर म्हणतात. आमच्या कोल्हापुरात, उद्यमनगरात, कुणीही टॅपेट कव्हरच म्हणेल. आमच्या १९८६च्या प्रीमियर पद्मिनीचं हे कव्हर पार काळवंडलं होतं. रंगाचे पोपडे निघाले होते, कडेनं तेल झिरपत होतं. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत ते घरीच रंगवायला घेतलं.

इंजिन पूर्ण गार असताना नट काढले आणि कव्हर उचललं. खाली आठ व्हॉल्व्ह, त्यांना दाबणारे आठ रॉकर, सगळं मधासारख्या तेलात न्हालेलं. जुन्या फियाटच्या घराण्यातलं हे १०८९ सीसीचं इंजिन. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, तिथून दांड्या वर येऊन रॉकर हलवतात. इतकी वर्षं गाडी चालवली, पण तिचं हे काळीज मी पहिल्यांदाच पाहिलं. बराच वेळ नुसती बघत राहिले. मग आत कचरा पडू नये म्हणून स्वच्छ फडकं झाकलं.

हे उडणारं तेल आत राहावं आणि धूळ बाहेर राहावी, एवढंच या कव्हरचं काम. म्हणून रंगापेक्षा त्याची कड महत्त्वाची. कॉर्कचं जुनं पॅकिंग खरवडून काढलं आणि कव्हर काचेवर पालथं ठेवलं, तर भोकांपाशी पत्रा वाकलेला! कुणीतरी कधीतरी नट जीव खाऊन आवळले होते. गळतीचं मूळ तिथं होतं. लाकडी ठोकळ्यावर धरून, हातोडीनं हलके ठोके देत कड सपाट केली. सगळ्या कामात इथंच जास्त वेळ गेला आणि तो सार्थकी लागला.

मग धुणं. आधी डिझेल, नंतर साबण आणि गरम पाणी. जुना रंग तारेच्या ब्रशनं काढला, ८० नंबरचा पॉलिशपेपर मारला, पुढे १८०, शेवटी ३२०. कव्हर ॲल्युमिनियमचं असेल तर कॉस्टिक सोड्याच्या जवळपासही नेऊ नका, तो धातूच खातो. शेवटी थिनरचा बोळा फिरवला आणि त्यानंतर उघड्या हातानं स्पर्श केला नाही. बोटाच्या तेलकट ठशावरसुद्धा रंग धरत नाही.

पूर्वी एकदा मी घरातला साधा ऑईलपेंट लावला होता. महिन्याभरात तो मऊ पडून सुटला. इथं उष्णता साधारण शंभर अंशांची, वर तेल-पेट्रोलचे शिंतोडे. त्यामुळे या वेळी इंजिनासाठीचा स्प्रे आणला. कडेला आणि तेल भरायच्या तोंडाला मास्किंग टेप लावली. आतून रंग मारायचा विचार होता, पण आमच्या मिस्त्रींनी बजावलं, "ताई, आतनं अजिबात नको. पापुद्रा सुटून तेलात गेला की पंपाची जाळी चोंदतीय बघा."

अंगणात वळणीच्या तारेला कव्हर टांगलं. वीतभर अंतरावरून आधी प्रायमर, मग लाल रंगाचे तीन पातळ हात, दोन हातांमध्ये दहा मिनिटं. एकदम जाड मारला की ओघळ येतात. पावसाळ्यात हे काम काढू नये. दमट हवेत चकाकी मरते, रंग पांढुरका पडतो. लालच का? फेरारीनं १९५६ साली इंजिनाची कव्हरं लाल रंगवून गाडीला 'टेस्टा रोसा', म्हणजे लाल डोकं, असं नाव दिलं होतं. मला ते फार आवडतं.

दोन दिवस वाळू दिलं. नवं पॅकिंग घालून नट आधी हातानं, मग समोरासमोरचे थोडेथोडे आवळले. पंधरा मिनिटं इंजिन चालवलं, गार होऊ दिलं, पुन्हा चालवलं. या उष्णतेनंच रंग पक्का होतो. मग पांढऱ्या कागदाची घडी कव्हरच्या कडेखालून चारी बाजूंनी फिरवली. कागद कोरडा निघाला.