नमाजच्या ॲपला आपली गल्ली कशाला हवी?

पूर्वी रमजानच्या आधी घरोघरी एक कागद यायचा. मशिदीच्या कमिटीने किंवा गावातल्या एखाद्या दुकानदाराने छापलेला सहरी-इफ्तारच्या वेळांचा तक्ता. स्वयंपाकघराच्या दाराला तो चिकटवला की महिन्याभराची सोय व्हायची. तक्ता आजही येतो, पण त्याच्याकडे बघणारे कमी झाले आहेत. फजरची अजान आता उशाशी ठेवलेल्या फोनमधून होते. प्रवासात किब्ला फोन दाखवतो, तस्बीहसुद्धा फोनवर मोजली जाते. दादी-नानीच्या फोनमध्ये नातवंडांनी नमाजचे ॲप टाकून दिलेले असते. टाकताना फोन दोन-तीन प्रश्न विचारतो. नातू घाईत प्रत्येकाला ‘हो’ म्हणतो आणि फोन दादीच्या हातात देतो.

त्या प्रश्नांपैकी एक असतो, ‘या ॲपला तुमचे लोकेशन वापरू द्यायचे का?’ आजचा विषय हा एवढाच प्रश्न आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ या अमेरिकेतल्या वृत्तसंस्थेने एक मोठी बातमी दिली. साध्यासुध्या ॲपमधून गोळा होणारी लोकेशनची माहिती हातोहात विकली जाते आणि तिच्या खरेदीदारांत अमेरिकेचे लष्करही आहे, असे त्या शोधातून पुढे आले होते. बातमीत ज्या ॲपचे नाव सर्वांत जास्त गाजले ते होते ‘मुस्लिम प्रो’. नमाजच्या वेळा, किब्ला, कुरआन असे सगळे एकत्र देणारे हे ॲप तेव्हा जगभरात नऊ कोटींहून जास्त वेळा डाउनलोड झालेले होते. आपल्यापैकी अनेकांच्या फोनमध्येही ते होते.

या ॲपमधून ‘एक्स-मोड’ नावाच्या अमेरिकी कंपनीकडे माहिती जात होती. फोन कुठे आहे, किती वाजता आहे, कोणत्या वाय-फायला जोडलेला आहे, फोनचे मॉडेल कोणते, अशी ती माहिती. एक्स-मोडच्या गिऱ्हाइकांत संरक्षण खात्याची कामे करणारे ठेकेदार होते आणि त्यांच्यामार्फत ती लष्करापर्यंत पोहोचत होती. बातमी येताच मुस्लिम प्रोने एक्स-मोडशी संबंध तोडत असल्याचे जाहीर केले. आपण लष्कराला थेट काही विकत नाही, असेही त्यांनी सांगितले. ‘थेट’ विकले असे बातमीतही म्हटलेले नव्हते. माल शेतातून दलालाकडे, दलालाकडून मार्केटमध्ये आणि तिथून कोणाच्याही घरी जातो, तसाच हा प्रवास आहे. कितीतरी ॲप बनवणाऱ्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हते की आपल्याकडची माहिती शेवटी कोणाच्या हाती पडते.

हे होते कसे? ॲप बनवणारा सगळे काही स्वतः लिहीत नाही. घर बांधताना आपण दारे-खिडक्या तयार आणतो, तसे तोही जाहिरातीचा, नकाशाचा, हिशेबाचा तयार भाग बाहेरून आणून ॲपमध्ये बसवतो. एक्स-मोडसारख्या कंपन्या असा तयार भाग देतात आणि वर पैसेही देतात. वापरणारे जितके जास्त, तितके पैसे जास्त. तो भाग ॲपच्या आत बसून लोकेशन आपल्या मालकाकडे पाठवत राहतो. आपण परवानगी ॲपला दिलेली असते, पण तिचा फायदा आत बसलेला हा पाहुणाही घेतो.

हा प्रकार एका ॲपपुरता राहिला नाही. जानेवारी २०२१ मध्ये ‘सलात फर्स्ट’ या दुसऱ्या नमाजच्या ॲपबद्दल अशीच बातमी आली, तिथे माहिती घेणारी कंपनी फ्रान्सची होती. २०२२ मध्ये गुगलने आपल्या प्ले स्टोअरवरून काही ॲप काढून टाकली, त्यांत एक कोटीहून जास्त वेळा डाउनलोड झालेले ‘अल-मोअज्जिन लाइट’ होते. मात्र त्याच यादीत क्यूआर कोड वाचणारे ॲपही होते, म्हणजे लक्ष्य फक्त मुसलमान होते असे म्हणता येणार नाही. फरक इतकाच की नमाजचे ॲप दिवसातून पाच वेळा जागे होते आणि ते उघडणारा कोण आहे हे वेगळे विचारावे लागत नाही.

आता मुद्द्याचा प्रश्न. नमाजची वेळ काढायला लोकेशन तर लागतेच ना? लागते. पण किती नेमके?

वेळा सूर्यावरून निघतात. पूर्व-पश्चिम एक रेखांश सरकले की सूर्याची वेळ चार मिनिटांनी बदलते. मुंबई आणि नागपूर यांच्यात सहा रेखांशांहून थोडे जास्त अंतर आहे, म्हणून नागपुरात जोहरची वेळ मुंबईच्या सुमारे २५ मिनिटे आधी येते. आपल्या भागात एक रेखांश म्हणजे साधारण १०५ किलोमीटर. हिशेब केला तर पूर्व-पश्चिम एक किलोमीटर सरकल्यावर वेळ अडीच सेकंदसुद्धा बदलत नाही. भेंडीबाजारात उभे राहा नाहीतर कुर्ल्यात, वेळापत्रकातले मिनिट जवळपास तेच राहते. किब्ल्याचेही तसेच. मुंबईत तो पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे १० अंश वळलेला आहे, नागपुरात ८, कोल्हापुरात १४. एका शहरात या घरातून त्या घरात गेल्याने त्यात काही फरक पडत नाही. दिशा दाखवायला फोनमधले होकायंत्र पुरते, आणि त्याला आपला पत्ता लागत नाही.

थोडक्यात, शहराचे नाव सांगितले की ॲपचे काम भागते. तरीही एखादे ॲप ‘नेमके लोकेशन, चोवीस तास, ॲप बंद असतानाही’ मागत असेल, तर ती मागणी नमाजसाठी नाही हे समजायला इंजिनिअर असण्याची गरज नाही.

उलट ज्या गोष्टी खरोखर तपासायला हव्यात त्यांच्याकडे आपले लक्ष जात नाही. कोकणातली बहुतेक घरे शाफई आहेत, तर देशावर, मराठवाड्यात, विदर्भात बहुतांशी हनफी. दोघांच्या असरच्या वेळेत ऋतूप्रमाणे पाऊण ते सव्वा तासाचा फरक पडतो. ॲपच्या सेटिंगमध्ये यातली एक पद्धत निवडावी लागते, नाहीतर बनवणाऱ्याने ठरवलेली आपोआप चालते. फजरचे तर त्याहून नाजूक आहे. सूर्य क्षितिजाच्या किती अंश खाली असताना फजर धरायची, यावर ॲपमध्ये वेगवेगळ्या पद्धती असतात. कराचीच्या पद्धतीत १८ अंश, उत्तर अमेरिकेतल्या एका प्रचलित पद्धतीत १५ अंश. आपल्याकडे या दोन्हींत ऋतूप्रमाणे सुमारे तेरा ते पंधरा मिनिटांचे अंतर पडते. अमेरिकेची पद्धत लावलेल्या ॲपवर विसंबून कोणी सहरी करत असेल, तर मशिदीच्या तक्त्याप्रमाणे वेळ संपल्यावरही त्याचा घास तोंडात असेल. कोणती पद्धत लावायची हे आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारावे. लोकेशन गल्लीपर्यंत नेमके आणि पद्धत परदेशातली, असे काही फोन मी स्वतः पाहिले आहेत.

हे बोलणे काढले की बैठकीत ठरलेली उत्तरे मिळतात. ‘आपल्याकडे लपवण्यासारखे आहे काय?’ हे सर्वांत पहिले. लपवण्यासारखे काही नसतानाही आपण न्हाणीघराचे दार लावतो, खिडकीला पडदा लावतो. दुसऱ्याच्या घरात परवानगी घेऊन, सलाम करून शिरावे, हे सूरह नूरमध्ये सांगितले आहे आणि दुसऱ्याच्या खासगी गोष्टींची टेहळणी करू नये, हे सूरह हुजुरातमध्ये. लहानपणी मकतबमध्ये हा अदब आपण सगळेच शिकलो. तिथे घरवाल्याकडे लपवण्यासारखे काही आहे का, असा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

शिवाय लोकेशन म्हणजे नकाशावरचा नुसता ठिपका नसतो. महिन्याभराचे ठिपके जोडले की रात्री कोणत्या घरात झोपता, कोणत्या मशिदीत जाता, कोणत्या दवाखान्याच्या फेऱ्या चालू आहेत, मुलगी कोणत्या वेळी कोणत्या रस्त्याने क्लासला जाते, हे सगळे समोर येते. नाव लिहिलेले नसले तरी रोज रात्री ज्या घरात फोन थांबतो ते घर कोणाचे, हे शोधणे अवघड नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये एक्स-मोड आणि तिची पुढची कंपनी ‘आउटलॉजिक’ यांच्यावर संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई केली, तेव्हा प्रार्थनास्थळे आणि दवाखाने यांचाच उल्लेख प्रामुख्याने होता. हे शहाणपण यायला बातमीनंतर तीन वर्षे लागली.

दुसरे उत्तर, ‘फुकट मिळते आहे, मग थोडे घेणारच.’ यात तथ्य आहे. ॲप बनवणाऱ्यालाही घर चालवायचे असते. पण जाहिरात दाखवणे वेगळे आणि आपल्या फिरण्याची नोंद विकणे वेगळे. वर्षाला शे-दोनशे रुपये घेऊन जाहिरातही न दाखवणारे एखादे चांगले ॲप असेल, तर ते घेणे मला महाग वाटत नाही. ईदच्या एका मिठाईच्या डब्याला त्याहून जास्त जातात.

पैसे द्यायचे नसतील तर आणखी एक वाट आहे. काही ॲपचा सगळा कोड लोकांसमोर खुला असतो. जाणकार माणूस तो वाचू शकतो, त्यात आगंतुक पाहुणा बसवला असेल तर ओरडा करू शकतो. अशी ॲप ‘एफ-ड्रॉइड’ नावाच्या वेगळ्या दुकानात मिळतात. तिथे एखादे ॲप जाहिराती दाखवत असेल किंवा वापरणाऱ्याचा माग काढत असेल, तर तशी सूचना त्याच्या पानावरच लिहिलेली असते. दिसायला ती साधी असतात, रंगीबेरंगी मिनार आणि कंदील त्यांत नसतात. पण मोबाइलमधले थोडेफार समजणारा मुलगा-मुलगी घरात असेल, तर ही वाट जरूर बघावी. प्ले स्टोअरवर प्रत्येक ॲपखाली ‘डेटा सुरक्षितता’ असा भाग असतो, तोही वाचावा. मात्र तो ॲपवाल्याने स्वतः भरलेला असतो, हे लक्षात ठेवून.

आहे तेच ॲप ठेवायचे असेल तरी फोनमध्ये दोन मिनिटांचे काम आहे. सेटिंगमध्ये ‘ॲप्स’मध्ये जाऊन त्या ॲपच्या परवानग्या उघडा. लोकेशन एकतर बंद करा आणि ॲपमध्ये शहराचे नाव हाताने टाका, किंवा ‘ॲप वापरत असतानाच’ हा पर्याय ठेवून नेमक्या लोकेशनचे बटण बंद करा. २०२१ नंतरच्या अँड्रॉइडमध्ये आणि त्याच्या एक वर्ष आधीपासून आयफोनमध्ये अंदाजे लोकेशन देण्याची सोय आहे. फोनचा ‘जाहिरात आयडी’ही गुगलच्या सेटिंगमधून पुसता येतो. अम्मी-अब्बांच्या फोनवर हे काम मुलांनी बसून करून द्यावे, आणि करताना त्यांना दाखवतही जावे.

कायद्याचे काय, असे कोणी विचारील. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बरीचशी कलमे टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत. माहिती कशासाठी घेतो हे स्पष्ट सांगून संमती घेणे, दिलेली संमती मागे घेता येणे, माहिती पुसून मागता येणे, अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती, या चांगल्या गोष्टी त्यात आहेत. सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूदही आहे आणि तिच्यावर टीका झालेली आहे. परदेशातल्या दलालापर्यंत हा कायदा किती पोहोचेल ते पुढे दिसेल. तोवर परवानगीचे बटण आपल्याच बोटाखाली आहे.

बाहेरच्या कंपन्यांबद्दल एवढे बोललो, तर आपल्या मोहल्ल्याबद्दलही बोलले पाहिजे. जकातीचे वाटप, विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती, विधवांना रेशन अशी नेकीची कामे आपल्या जमाती करतात. त्यासाठी गोळा केलेल्या आधार कार्डांचे फोटो दोन-अडीचशे लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलेले मी पाहिले आहेत. सोबत रेशनची पिशवी घेताना बाईचा फोटोही. लग्नाच्या बायोडाटाची तीच गत. मुलीचा फोटो, वय, पत्ता, वडिलांचा मोबाइल नंबर, सगळे एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये फिरत राहते. तिचे लग्न होऊन मूल झाले तरी बायोडाटा फिरतच असतो.

इथे तर दलालही नाही आणि परदेशी कंपनीही नाही. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत काढता येते, अर्जासोबत तीच मागावी. कागदपत्रे कमिटीच्या एकाच माणसाकडे यावीत, ग्रुपवर येऊ नयेत, आणि काम झाल्यावर त्याने ती पुसून टाकावीत. बायोडाटावर पत्ता न घालता फक्त गावाचे नाव घालावे, आणि फोटो समोरच्या घराने रस दाखवल्यावर द्यावा. पुढच्या जुम्याला नमाजनंतर कमिटीच्या सदरसाहेबांशी एवढे बोलून बघा. बहुतेक ठिकाणी याचा कोणी विचारच केलेला नसतो, त्यामुळे नकार मिळण्याची भीती नाही.