घालायचं काय? खाणाऱ्याला विचारा!

एखादा पदार्थ कुणी शोधला, यापेक्षा तो कुणासाठी केला हे विचारलं की पुष्कळ गोष्टी उलगडतात. इंग्रजांच्या चहाबरोबरचा स्कोनच घ्या ना! मूळचा हा स्कॉटलंडचा. ओटच्या किंवा जवाच्या पिठाची जाडसर भाकरी, तव्यावर भाजलेली. ती हलकी, फुगीर झाली बेकिंग पावडरमुळे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने १८४३ मध्ये ही पावडर तयार केली, ती बायकोला यीस्ट सोसत नसे म्हणून.

आमच्या घरी स्कोन शिरला तोही असाच, माणसांसाठी. सासूबाई अंडं खात नाहीत, सासऱ्यांना मधुमेह आणि मुलांना सगळंच गोडमिट्ट हवं. केक कापला की सासूबाई "तुम्ही खा, मला भूक नाही" म्हणून उठून जात. ते मला फार बोचे. स्कोनला मात्र अंडं लागतंच असं नाही आणि साखरेवाचूनही अडत नाही.

माप सोपं आहे. २२५ ग्रॅम मैदा, ३ लहान चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, ५५ ग्रॅम लोणी आणि सुमारे १५० मिलिलिटर दूध. शंकरपाळ्यांना आपण कडकडीत मोहन घालतो. इथे लोणी फ्रिजमधलं, गार हवं. बोटांच्या टोकांनी ते मैद्यात चोळून रवाळ करायचं. मग दूध घालून जेमतेम गोळा करायचा. मळायचा नाही, मळला की मैदा चिवट होतो. इंचभर जाड थापून साचा सरळ खाली दाबायचा, पिळायचा नाही, म्हणजे स्कोन वाकडा फुगत नाही. २२० अंश सेल्सिअसला १२ ते १५ मिनिटं पुरतात.

आता खरा प्रश्न, आत घालायचं काय? नियम एकच : पाणी सोडणारं काही नको. पूर्ण मापाला ५० ग्रॅम मनुका, खजूर किंवा सुकं अंजीर छान. ताज्या स्ट्रॉबेरीने पीठ चिकट होतं. तिचा जॅम करून वर लावावा. (जॅम आधी की क्रीम, यावर इंग्लंडात दोन तट आहेत. डेव्हनमध्ये आधी क्रीम लावतात, कॉर्नवॉलमध्ये जॅम!) ७५ ग्रॅम किसलेलं चीज घातलं, तर वरचं मीठ वगळावं. कोथिंबीर धुऊन अगदी कोरडी करून मगच चिरावी.

मी रवाळ मैद्याचे, दूध घालण्याआधीच, तीन भाग करते. मुलांच्या भागात खजूर आणि थोडी साखर, सासऱ्यांच्या भागात चीज आणि मिरपूड. मैदा तो मैदाच, त्यानेही रक्तातली साखर वाढते. म्हणून त्यांना एकच, तोही लहान. तिसरा भाग सासूबाईंचा. "काय घालू?" विचारलं की ठरलेलं उत्तर येई, "काहीही घाल, मला सगळं चालतं."

चौथ्या की पाचव्या रविवारी मात्र त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळूच म्हणाल्या, "माझ्या भागात जराशी बडीशेप घालशील का गं?"

बावीस वर्षांत त्यांनी स्वतःसाठी माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट.