घराच्या जप्तीविषयीचे काही गैरसमज

पहाटेची लोकल गाठून वर्षानुवर्षे मुंबईची नोकरी सांभाळणाऱ्या आणि तिच्या भरवशावर नालासोपाऱ्यात किंवा विरारात कर्जाने सदनिका घेणाऱ्या कुटुंबाचे, आजारपणामुळे वा नोकरी सुटल्यामुळे, चार हप्ते थकले, की आता बँकेची माणसे येऊन दाराला कुलूप ठोकतील आणि आपल्याला कोठेही दाद मागता येणार नाही, अशी जी धास्ती घरात शिरते, ती बव्हंशी अज्ञानातून आलेली असते.

२००२ चा सरफेसी कायदा बँकेला न्यायालयाची पायरी न चढता गहाण मिळकतीतून वसुली करू देतो, हे खरे. परंतु हप्ता ९० दिवसांहून अधिक थकून खाते अनुत्पादक ठरल्यावाचून आणि कलम १३(२) अन्वये ६० दिवसांची लेखी नोटीस दिल्यावाचून तिला ताब्याचे पाऊल उचलता येत नाही. या मुदतीत कर्जदाराने हिशेबातील चूक किंवा अन्य हरकत लेखी कळवली, तर तिचा विचार करून, ती अमान्य असल्यास १५ दिवसांत कारणे देणे बँकेवर बंधनकारक आहे. नोटिशीचे पाकीट परत धाडले म्हणजे ती बजावलीच गेली नाही, ही समजूत मात्र घातक होय. नोटीस दारावर चिकटवून व वृत्तपत्रांत छापूनही बजावता येते, आणि हरकतीची संधी तेवढी हातची जाते.

विरोध असताना बळाने ताबा घेण्याचा अधिकार वसुली एजंटाला नाही. त्यासाठी बँकेला पालघरच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. तेथे कर्जाच्या वादाचा निवाडा होत नाही. तो हवा असेल तर ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जावे लागते, कारण वसईच्या दिवाणी न्यायालयाला या बाबतीत कलम ३४ ने मज्जाव केला आहे. न्यायाधिकरणाकडे जाण्यापूर्वी मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरण्याची जाचक अट सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात रद्द ठरवली, याचा विसर पडू नये.

सर्वांत अधिक घरे ज्या गैरसमजापायी जातात तो असा, की लिलावाची बोली संपेपर्यंत पैसे भरून घर सोडवता येते. पूर्वी विक्री पुरी होईपर्यंत ती सवड होती. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होताच तो हक्क संपतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या खटल्यात हेच स्पष्ट केले. वर्तमानपत्रातल्या ‘ताबा सूचने’च्या शेवटी, मिळकत सोडवण्यासाठी उपलब्ध मुदतीच्या संदर्भात कलम १३ च्या पोटकलम (८) कडे कर्जदाराचे लक्ष वेधणारे जे एक रुक्ष वाक्य असते, ते याच हक्काविषयीचे असून त्या बारीक मजकुरात कर्जदाराच्या दृष्टीने त्याहून मोलाचे काही नसते. प्रतीकात्मक, म्हणजे केवळ कागदोपत्री, ताबा घेतला की सर्वस्व गेले असे मानून लिलावाची सूचना निघेपर्यंत स्वस्थ बसणे हे म्हणूनच मला फार दुःखद वाटते. संपूर्ण थकीत रक्कम खर्चासह भरण्याची किंवा तडजोडीची लेखी विनंती करण्याची वेळ हीच.

विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त मूल्यमापकाकडून किंमत ठरवणे आणि कर्जदाराला ३० दिवसांची सूचना देणे आवश्यक असते. कर्ज व खर्च वळते करून उरलेल्या रकमेवर बँकेचा हक्क नसतो, ती ज्याची त्याला मिळते. आणि विक्रीतून कर्ज पुरते फिटले नाही, तर बाकीचे देणे मात्र घर गेल्यावरही कायम राहते.